बयाना सुवर्णनिधी : शोध, स्वामित्व आणि इतिहासाचा पुरावा

प्रस्तावना

प्राचीन भारताच्या राजकीय इतिहासाची मांडणी करताना अभिलेख, वाङ्मय व नाणी या तीन साधनांचा आधार घेतला जातो. त्यांपैकी नाण्यांचे एक वेगळेपण आहे. शिलालेख वितळवून पोटाची खळगी भरता येत नाही. सोन्याच्या नाण्याच्या बाबतीत मात्र ते शक्य असते. सुवर्णनाणे हे एकाच वेळी इतिहासाचे साधन आणि बाजारात केव्हाही विकता येणारा धातू असते. त्यामुळे ते जमिनीतून वर येताच दोन प्रश्न उभे राहतात : हे सोने कोणाचे, आणि ही माहिती कोणाची? पहिल्या प्रश्नाचा विचार स्मृतिकारांपासून ब्रिटिश कायदेपंडितांपर्यंत अनेकांनी केला. दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

प्रस्तुत लेखात गुप्तकालीन सुवर्णनाण्यांच्या सर्वांत मोठ्या ज्ञात निधीचा, म्हणजे बयाना निधीचा, या दोन्ही प्रश्नांच्या संदर्भात विचार केला आहे. हा निधी पूर्वीच्या भरतपूर संस्थानात, आजच्या राजस्थानात सापडला. त्याचे शास्त्रशुद्ध संपादन करणारे डॉ. अनंत सदाशिव अळतेकर हे मूळचे कोल्हापूर परिसरातील. त्यामुळे महाराष्ट्रातील अभ्यासकांना या निधीविषयी वेगळी आस्था वाटणे स्वाभाविक आहे.

निधीचा शोध

बयाना हे भरतपूरच्या दक्षिणेस असलेले जुने गाव. फेब्रुवारी १९४६ मध्ये या परिसरात भरतपूरचे महाराज ब्रिजेंद्रसिंह यांची शिकार झाली. शिकारीची मंडळी निघून गेल्यावर बंदुकीच्या रिकाम्या काडतुसांच्या शोधात गावातील मुले शेतात फिरत होती आणि त्यांना जमिनीत पुरलेले तांब्याचे भांडे दिसले, असे या शोधाविषयी सांगितले जाते. भांडे सुवर्णनाण्यांनी भरलेले होते. राजस्थानात हा निधी नगला छैल या खेड्याच्या नावानेही ओळखला जातो.

भांडे गावात पोहोचले आणि नाण्यांची वाटणी झाली. गावकऱ्यांच्या दृष्टीने ते गुप्त सम्राटांचे नाणे नव्हते, सोने होते. वार्ता संस्थानच्या अधिकाऱ्यांपर्यंत जाईपर्यंत काही नाणी सोनाराच्या मुशीत गेली होती. दरबाराने शोध घेऊन जी नाणी परत मिळविली त्यांची संख्या १८२१ भरली. मूळ संख्या सुमारे २१०० असावी, असा अंदाज आहे. याचा अर्थ पावणेतीनशेच्या आसपास नाणी कायमची नष्ट झाली. त्यांवर कोणत्या राजाची आकृती होती, कोणता लेख होता, त्यांचे वजन किती होते, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

गावकऱ्यांच्या या वर्तनाला केवळ लोभ म्हणणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणारे नाही. ज्याला ते नाणे आपल्याकडे राहील याची खात्री नाही, त्याच्या दृष्टीने नाण्यावरील राजाची मुद्रा हीच सर्वांत धोक्याची गोष्ट असते. मुद्रेमुळे नाणे ओळखले जाते. वितळलेली लगड ओळखता येत नाही. म्हणजे जे चिन्ह अभ्यासकाला मोलाचे वाटते, तेच शोधणाऱ्याला पुसून टाकावेसे वाटते. सुवर्णनिधीच्या स्वामित्वाचा सारा पेच या एका विसंगतीत सामावलेला आहे.

निधीचे स्वरूप

परत मिळालेल्या १८२१ नाण्यांत दुसऱ्या चंद्रगुप्ताची ९८३ आणि पहिल्या कुमारगुप्ताची ६२८ नाणी आहेत. समुद्रगुप्ताची १८३, पहिल्या चंद्रगुप्ताची १०, तर उरलेल्यांपैकी बहुतेक काच या नावाने पाडलेली आहेत. एक नाणे अळतेकरांनी स्कंदगुप्ताचे मानले. त्यावरील ‘क्रमादित्य’ या बिरुदावर हा निर्णय आधारलेला असून त्याविषयी नंतर मतभेद व्यक्त झाले आहेत.

नाण्यांची विविधता संख्येइतकीच लक्षणीय आहे. पहिल्या चंद्रगुप्ताच्या नाण्यांवर राजा व लिच्छवी कुळातील राणी कुमारदेवी समोरासमोर उभे आहेत. समुद्रगुप्ताची ध्वजधारी, परशुधारी, वीणावादक व अश्वमेध प्रकारची नाणी आहेत. दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या नाण्यांत धनुर्धारी प्रकाराचे प्राबल्य असले तरी सिंहाशी झुंजणारा राजा, घोड्यावर बसलेला राजा आणि छत्राखाली उभा असलेला राजा यांचीही चित्रणे आढळतात. याच राजाचे ‘चक्रविक्रम’ प्रकारचे नाणे या निधीतील अपूर्व ठेवा मानले जाते. त्यावर प्रभामंडळाने युक्त अशा दिव्य पुरुषासमोर राजा उभा असून तो त्याच्याकडून प्रसाद स्वीकारीत आहे. हा पुरुष म्हणजे विष्णू की मूर्तिमंत सुदर्शनचक्र, यावर विद्वानांनी चर्चा केली आहे. गुप्तांच्या वैष्णव निष्ठेचा इतका स्पष्ट पुरावा दुसऱ्या कोणत्याही नाण्यावर क्वचितच सापडेल. या प्रकाराचे निधीत एकच नाणे होते आणि तोपर्यंत हा प्रकार अभ्यासकांना अज्ञात होता.

कुमारगुप्ताच्या नाण्यांनीही ज्ञानात मोठी भर घातली. घोड्यावरून गेंड्याची शिकार करणारा कुमारगुप्त या निधीमुळे प्रथमच दिसला. संस्कृतात ‘खड्ग’ या शब्दाचे तलवार व गेंडा असे दोन्ही अर्थ होतात आणि नाण्यावरील लेखात त्यावर श्लेष साधला आहे. टांकसाळीतील कारागिरांच्या पाठीशी काव्यशास्त्र जाणणारा पंडित असावा, असे अनुमान त्यावरून काढता येते. समुद्रगुप्ताप्रमाणे वीणा वाजविणारा कुमारगुप्तही याच निधीतून पुढे आला.

अळतेकर त्या वेळी बनारस हिंदू विद्यापीठात अध्यापन करीत होते. त्यांनी प्रत्येक नाण्याचे वर्णन, वजन व लेखवाचन करून तयार केलेली बृहत् सूची भारतीय मुद्रा परिषदेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केली. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गुप्त नाणेशास्त्रावरील त्यांच्या ग्रंथातही या सामग्रीचा भरपूर उपयोग झाला. १९६० मध्ये त्यांचे निधन झाले.

संपूर्ण निधीचे पुरावामूल्य

एखादे सुटे नाणे राजाचे नाव, बिरुद व प्रतिमा सांगते. संपूर्ण निधी याहून बरेच काही सांगतो. त्यात कोणाची नाणी किती आहेत, कोणाची नाहीत, कोणती झिजलेली व कोणती नवी आहेत, यांवरून तो केव्हा पुरला गेला आणि त्या काळी कोणते चलन व्यवहारात होते, हे ठरविता येते. बयाना निधीत कुमारगुप्ताची ६२८ नाणी असताना त्याच्या उत्तराधिकाऱ्याचे म्हणून मानलेले नाणे एकच आहे. त्यावरून हा निधी कुमारगुप्ताच्या कारकिर्दीच्या अखेरीस किंवा स्कंदगुप्ताच्या राज्यारोहणानंतर लवकरच, म्हणजे इ. स. ४५५ च्या सुमारास पुरला गेला असावा, असे अनुमान निघते. स्कंदगुप्ताच्या भितरी येथील स्तंभलेखात हूणांशी झालेल्या युद्धाचा उल्लेख आहे. त्या अस्थिर काळात कोणा धनिकाने वा अधिकाऱ्याने हे धन जमिनीत ठेवले आणि ते काढण्यासाठी तो परत आला नाही, असे मानण्यास जागा आहे.

वजनांच्या नोंदींचे महत्त्वही असेच आहे. आरंभीची गुप्त नाणी कुषाणांच्या परंपरेतील सुमारे १२१ ग्रेन (७.८ ग्रॅम) वजनाची होती. पुढे १२४ व १२७ ग्रेनची नाणी पाडली गेली आणि स्कंदगुप्ताच्या काळात १४४ ग्रेनचे (सुमारे ९.३ ग्रॅम) भारतीय ‘सुवर्ण’ प्रमाण स्वीकारले गेले. हा क्रम एकेका नाण्यावरून सिद्ध होत नाही. एकत्र तोललेल्या शेकडो नाण्यांच्या सरासरीतून तो दिसतो.

महाराष्ट्रातील वाचकाला हाच मुद्दा जोगळटेंभीच्या उदाहरणावरून सहज पटेल. नाशिक जिल्ह्यात १९०६ मध्ये सापडलेल्या त्या निधीत क्षहरात नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उमटविलेली होती. असे एखादेच नाणे हाती आले असते, तर ते कुतूहलाचा विषय ठरले असते. हजारो नाणी एकत्र मिळाल्यामुळे नहपानाचा पराभव व त्याच्या चलनाचा सातवाहनांनी केलेला स्वीकार या दोन्ही गोष्टी निःसंशय झाल्या.

याच्या उलट उदाहरण कालीघाटचे. १७८३ मध्ये बंगालमध्ये हुगळीच्या काठी उत्तरकालीन गुप्तांची २०० हून अधिक सुवर्णनाणी सापडली आणि ती गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जकडे आली. त्याने ती लंडनला कंपनीच्या संचालकांकडे पाठविली. संचालकांनी काही नाणी ब्रिटिश म्युझियम व अन्य संग्रहांना वाटली आणि उरलेली वितळविण्यात आली. एका गुप्तकालीन निधीचा नाश अशिक्षित खेडुताच्या हातून झाला, तर दुसऱ्याचा सुशिक्षित कंपनी सरकारच्या हातून. म्हणून नाण्यांच्या नाशाचे कारण केवळ अज्ञानात शोधणे अपुरे ठरते. ज्याच्या हाती नाणे येते त्याला ते कोणत्या रूपात अधिक लाभाचे वाटते, हे पाहणे आवश्यक आहे.

प्राचीन धर्मशास्त्रातील निधिविचार

जमिनीत सापडलेल्या धनावर कोणाचा हक्क, याचे विवेचन भारतीय परंपरेत विस्ताराने आले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात निधीची वार्ता देणाऱ्यास सहावा हिस्सा, तो राजसेवक असल्यास बारावा हिस्सा द्यावा, असे सांगितले आहे. एक लक्षाहून मोठा निधी राजाचा. त्याहून लहान असल्यास शोधणाऱ्याने राजाला सहावा भाग द्यावा, असा भेद तेथे आहे. निधी आपल्या पूर्वजांचा असल्याचे सिद्ध करणाऱ्या प्रामाणिक प्रजाजनास तो संपूर्ण मिळावा आणि गुपचूप घेणाऱ्यास दंड व्हावा, असेही कौटिल्य सांगतो.

मनुस्मृतीत जुन्या निधीच्या अर्ध्या भागावर राजाचा हक्क मानला असून, राजा रक्षण करतो व तो भूमीचा अधिपती आहे, असे त्याचे कारण दिले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत विद्वान ब्राह्मणाला सापडलेला निधी संपूर्णपणे त्याचा मानला आहे. इतरांच्या बाबतीत सहाव्या हिश्श्याचा नियम असून न कळविता ठेवणाऱ्यास शिक्षा सांगितली आहे. हा सहावा हिस्सा शोधणाऱ्याचा आणि शेष राजाचा, असा अर्थ विज्ञानेश्वराने मिताक्षरेत केला आहे.

या विवेचनात वर्णभेद स्पष्ट आहे आणि आजच्या दृष्टीने तो समर्थनीय नाही. मात्र दोन तत्त्वे ध्यानात घेण्याजोगी आहेत. वार्ता देणाऱ्यास काही वाटा मिळालाच पाहिजे, हे बहुतेकांनी मान्य केले. त्याचबरोबर, निधी म्हणजे केवळ धन, ही धारणाही सर्वांची समान होती. जुने नाणे हे ज्ञानाचे साधन होय, ही कल्पना त्या काळात अपेक्षित धरता येणार नाही. परंतु हीच धारणा आधुनिक कायद्यातही शिल्लक राहिली, हे विशेष होय.

१८७८ चा अधिनियम

ब्रिटिश हिंदुस्थानात भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ मध्ये संमत झाला. जमिनीत किंवा जमिनीशी जोडलेल्या वस्तूत दडलेली कोणतीही मोलाची वस्तू म्हणजे निधी, अशी त्याची व्यापक व्याख्या आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे आणि निधी सरकारी खजिन्यात जमा करावा किंवा तारण द्यावे. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून दावेदारांना किमान चार महिन्यांची मुदत देतो, चौकशी करतो आणि निधी शंभर वर्षांच्या आत पुरलेला नसल्याचे दिसल्यास तो बेवारस ठरवितो. त्यानंतर, वेगळा करार नसेल तर, तीन चतुर्थांश शोधणाऱ्यास व एक चतुर्थांश जमिनीच्या मालकास द्यावा, असा नियम आहे. न कळविल्यास शोधणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

स्मृतिकारांच्या सहाव्या हिश्श्याशी तुलना करता हा कायदा शोधणाऱ्याच्या बाबतीत बराच उदार दिसतो. परंतु सोळाव्या कलमाने ही उदारता मर्यादित केली आहे. वाटणीपूर्वी सरकारला निधी स्वतःसाठी संपादन करता येतो आणि त्यासाठी हक्कदारांना द्यावयाची रक्कम म्हणजे निधीतील द्रव्याची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा. सोन्याच्या नाण्याला सोन्याचा भाव आणि वर वीस टक्के, एवढाच त्याचा अर्थ.

बयाना निधीच्या वेळी भरतपूर हे संस्थान होते. ब्रिटिश हिंदुस्थानचा हा कायदा संस्थानी मुलखात आपोआप लागू होत नव्हता. त्यामुळे निधीवर दरबाराचा अधिकार चालला. त्याचा एक लाभ झाला, तो म्हणजे नाणी तुकड्यातुकड्यांनी विखुरली न जाता एकत्र राहिली आणि एका अधिकारी विद्वानाकडे अभ्यासासाठी सोपविली गेली. पुढे मार्च १९४८ मध्ये भरतपूर मत्स्य संघात व १९४९ मध्ये राजस्थानात विलीन झाले. हा निधी दोन वर्षे उशिरा सापडला असता, तर त्याचा प्रवास निराळा झाला असता. मात्र संग्रह एकत्र राहण्याचे श्रेय एका संस्थानिकाच्या आस्थेला देता आले, तरी अशी आस्था प्रत्येक वेळी लाभेल या भरवशावर कायदा उभा राहू शकत नाही.

धातूचे मोल व नाण्याचे मोल

१८७८ च्या अधिनियमाचा मूल्यनिर्धारणाचा नियम बयाना निधीला लावून पाहिला असता त्यातील दोष लख्खपणे दिसतो. दुसऱ्या चंद्रगुप्ताचे धनुर्धारी प्रकारचे सामान्य नाणे आणि चक्रविक्रम प्रकारचे एकमेव नाणे यांत सोन्याचे प्रमाण जवळजवळ सारखे आहे. कायद्याच्या दृष्टीने दोन्हींचे मोल सारखेच ठरते. पहिल्याचे शेकडो नमुने उपलब्ध आहेत. दुसरे वितळले असते, तर तो प्रकार अस्तित्वात होता, हेही त्या वेळी कळले नसते. नष्ट झालेल्या पावणेतीनशे नाण्यांत असा एखादा प्रकार नव्हता, असे कोणीही ठामपणे म्हणू शकत नाही.

शोधणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर स्थिती अधिकच स्पष्ट होते. सोनार त्याला त्याच दिवशी सोन्याचा भाव देतो. सरकार वीस टक्के अधिक देते, पण अनेक महिन्यांच्या चौकशीनंतर, जमिनीच्या मालकाचा हिस्सा वजा करून, आणि पोलीस, पंचनामा व कचेरीच्या फेऱ्यांनंतर. अशा परिस्थितीत शेतमजुराने कायद्याचा मार्ग पत्करावा, अशी अपेक्षा नैतिकदृष्ट्या योग्य असली तरी व्यवहारात ती दुबळी ठरते.

स्वातंत्र्यानंतर पुराव्याच्या रक्षणाचा विचार वेगळ्या कायद्यांतून झाला. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ मध्ये संमत होऊन ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेषाच्या व्याख्येत आले. खाजगी निर्यातीस बंदी व व्यापारासाठी परवाना अशी बंधने आली. यामुळे नाणे ‘पुरावशेष’ म्हणून ओळखले गेले, हे मोठेच पाऊल होय. परंतु हा कायदा नाणे नाणे म्हणून उरल्यानंतर लागू होतो. जमिनीतून वर येणे आणि अधिकाऱ्यापर्यंत पोहोचणे यांमधील काही दिवसांत जे घडते, त्यावर त्याचा परिणाम अल्प आहे.

इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्यानुसार संग्रहालयाने निधी घ्यावयाचा ठरविल्यास तज्ज्ञांची समिती त्याचे बाजारमूल्य ठरविते आणि तेवढी रक्कम सर्वसाधारणपणे शोधणारा व जमिनीचा मालक यांना मिळू शकते. भारताची परिस्थिती भिन्न असली तरी या व्यवस्थेमागील तत्त्व विचारात घेण्यासारखे आहे : नाण्याला धातूहून अधिक मोल आहे, हे शोधणाऱ्याला मिळणाऱ्या रकमेतूनच कळले पाहिजे.

आक्षेप व त्यांचा विचार

या विचारावर दोन आक्षेप संभवतात. पहिला, अधिक मोबदला दिल्यास गुप्तधनासाठी खोदकाम करण्याची प्रवृत्ती वाढेल आणि पुरातत्त्वीय स्थळांची हानी होईल. ही भीती निराधार नाही. परंतु नांगरताना वा पाया खणताना अकस्मात सापडलेला निधी आणि हेतुपुरस्सर केलेले उत्खनन यांत भेद करता येतो. संरक्षित स्थळांवरील अनधिकृत उत्खनन १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक अधिनियमाने निषिद्ध आहेच. अशा उत्खननातून मिळालेल्या वस्तूला मोबदला नाकारणे हे त्याचे साहजिक पूरक ठरेल.

दुसरा आक्षेप असा की, प्राचीन वारसा ही राष्ट्राची संपत्ती असून तिचे मोल व्यक्तीला देणे अनुचित होय. तत्त्वतः हे मान्य करता येईल. मात्र राष्ट्राचे स्वामित्व जाहीर केल्याने नाणे राष्ट्राच्या हाती येतेच असे नाही. बयाना येथे दरबाराचा अधिकार निर्विवाद होता, तरीही पावणेतीनशे नाणी गेली. हक्क सिद्ध होता. वस्तूच उरली नव्हती.

समारोप

बयाना निधीने गुप्त नाणेशास्त्राला नवे प्रकार दिले, वजनमापांचा क्रम स्पष्ट केला आणि पाचव्या शतकाच्या मध्यातील अस्थिरतेचा एक मूक साक्षीदार समोर आणला. त्याच वेळी निधीच्या स्वामित्वाविषयीचा आपला विचार किती काळ धातूच्या तराजूतच अडकून राहिला, हेही त्याने दाखवून दिले. कौटिल्य व याज्ञवल्क्य यांनी आपापल्या परीने ठरविलेला सहावा हिस्सा असो वा १८७८ च्या कायद्यातील तीन चतुर्थांश, वाटणीचे प्रमाण बदलले तरी वाटले जाते ते सोनेच.

इतिहासाचे हित व शोधणाऱ्याचे हित परस्परविरोधी आहेत, असे गृहीत धरून केलेला कायदा दोघांचेही नुकसान करतो. शोधणाऱ्यास त्वरित, निश्चित आणि नाण्याच्या ऐतिहासिक मूल्याशी सुसंगत असा मोबदला मिळण्याची खात्री असेल, तरच मुद्रा असलेले नाणे त्याला लगडीहून अधिक मोलाचे वाटेल. ग्रामीण भागातील महाविद्यालयांतील इतिहासाच्या अध्यापकांनाही येथे एक काम करता येण्यासारखे आहे. निधी सापडल्यावर काय करावे, कोणाला कळवावे आणि आपला हक्क कोणता, हे गावोगावच्या विद्यार्थ्यांना सांगणे अवघड नाही. १९४६ मध्ये बयाना परिसरातील मुलांना हे सांगणारे कोणी असते, तर गुप्त सम्राटांच्या सूचीत आणखी पावणेतीनशे नाण्यांची नोंद झाली असती.